आधी दस्त बाहेर काढा, मग कोडला हात लावा

चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत पतपेढ्यांत, मच्छीमार सोसायट्यांत आणि आंबा-काजूच्या पेढ्यांवर व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधली सॉफ्टवेअरं अजून सापडतात. व्हीबी ६ आलं १९९८ मध्ये आणि त्याच्या एडिटरचा सपोर्ट संपला एप्रिल २००८ मध्ये. तरीही रनटाइम विंडोजवर चालतो, म्हणून कुणाला घाई नसते. हिशेबाचा भाग मायक्रोसॉफ्टच्याच नव्या डॉट नेटवर आणणं तसं सरळ आहे. घोडं अडतं ते कर्जाच्या स्क्रीनवरच्या त्या पांढऱ्या चौकोनापाशी. डबल क्लिक केलं की त्याच्या आतच वर्ड उघडतं आणि हमीपत्र दिसतं. तो ओएलई कंटेनर कंट्रोल, म्हणजे एका प्रोग्रामच्या खिडकीत दुसऱ्या प्रोग्रामचा दस्त दाखवणारा घटक. डॉट नेटमध्ये खिडक्या बनवायचं साधन असलेल्या विनफॉर्म्समध्ये त्याला जोड नाही.

तसाच चौकोन देणारा बाहेरचा कंट्रोल शोधण्यात बरेच जण महिना घालवतात. वेब ब्राउझर कंट्रोलमध्ये वर्ड उघडायची युक्तीही ऑफिस २००७ पासून बिघडली, दस्त आपला वेगळ्या खिडकीत उघडतो. माझ्या मते चौकोनाचा मोह सोडावा आणि आधी सगळे दस्त ॲक्सेसच्या डेटाबेसमधून साध्या फायली म्हणून बाहेर काढावेत. जुना एक्सपीचा संगणक जिवंत आहे तोवरच हे उरकलेलं बरं. काही चित्रं मायक्रोसॉफ्ट फोटो एडिटरमधून घातलेली असतात आणि तो प्रोग्राम ऑफिस २००३ पासून येतच नाही. नव्या संगणकावर अशा नोंदीवर कितीही क्लिक करा, ती उघडत नाही.

काढायचा प्रोग्राम छोटाच असतो. तो ३२ बिटमध्ये बांधा, कारण ॲक्सेसचा डेटाबेस वाचणारा जेट ४.० प्रोव्हायडर ६४ बिटमध्ये नाहीच. 'प्रोव्हायडर नोंदलेला नाही' ही एरर येते ती बहुतेकदा एवढ्यावरूनच. मूळ एमडीबीला (ॲक्सेसच्या डेटाबेस फायलीला) हात न लावता प्रतीवर काम करा. आणि एमडीबी किती आहेत ते आधी मोजा. ए४ कागद २०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला तर १६५४ गुणिले २३३९ पिक्सेल होतात. पिक्सेलला ३ बाइट धरले की बिटमॅप ११.६ एमबीची. एमडीबीची कमाल मर्यादा २ जीबी, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास पानांत फाइल भरते. जेपीजी घातली तरी दाखवण्यासाठी तिची बिटमॅप प्रत शेजारी साठते. म्हणूनच फोल्डरात 'कर्ज२', 'कर्ज३' अशा एमडीबी निघतात आणि त्यातली एखादी हमखास विसरली जाते.

आता एक नोंद हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून पाहू. ॲक्सेसच्या ओएलई फील्डची सुरुवात १५ १सी या दोन बाइटांनी होते. पुढच्या दोन बाइटांत ॲक्सेसच्या आवरणाची लांबी असते, धाकटा बाइट आधी. नोंदीच्या सुरुवातीपासून तेवढं सोडलं की चार बाइट ओएलईची आवृत्ती, मग चार बाइट प्रकार. प्रकार १ असेल तर तो नुसता दुवा, २ असेल तर दस्त खरोखर आत आहे. त्यानंतर वर्गाचं नाव, मग बहुधा रिकाम्या असणाऱ्या दोन मजकूरपट्ट्या (तिन्हींच्या आधी चार-चार बाइटांत लांबी), मग डेटाची लांबी आणि शेवटी डेटा. वर्ड किंवा एक्सेलचा असेल तर डी० सीएफ ११ ई० ही खूण दिसते. इंग्रजी 'डॉकफाइल' शब्दासारखी वाचता येते ती, गंमत म्हणून ठीक. नोंद थेट एफएफ डी८ ने सुरू झाली तर नशीब समजा. कुणीतरी आवरणाशिवाय जेपीजी ओतून ठेवली आहे, जशीच्या तशी लिहून घ्या.

डी० सीएफपासूनचा तुकडा डॉक म्हणून सेव्ह केला की जुना वर्डचा दस्त उघडतो. डॉकएक्स असेल तर त्या तुकड्याच्या आत 'पॅकेज' नावाचा स्ट्रीम (आतला कप्पा) असतो, खरी फाइल त्यात. पीडीएफ 'कंटेंट्स' नावाच्या स्ट्रीममध्ये सापडते. एक्सेलची गोची वेगळी. काढलेली एक्सएलएस उघडते, पण समोर काहीच दिसत नाही आणि सगळे म्हणतात फाइल करप्ट. खिडकी लपलेली असते. व्ह्यू मेन्यूतून अनहाइड करा.

दुव्यांच्या नोंदींत फक्त पत्ता आणि एक चित्र असतं. पत्ता असतो जुन्या सर्व्हरच्या एखाद्या ड्राइव्हचा. त्या फायली हाताने शोधाव्या लागतात, दुसरा उपाय नाही.

फॉन्टकडे दुर्लक्ष झालं तर मात्र सगळी मेहनत पाण्यात. जुने मराठी दस्त युनिकोडमध्ये नसतात. शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. नुसती अक्षरांची अदलाबदल करणारा कन्व्हर्टर 'कर्ज' आणि 'किरण' दोन्ही बिघडवतो. सही झालेले दस्त युनिकोडमध्ये बदलूच नका. ज्या संगणकावर पीडीएफ करणार तिथे तेच जुने फॉन्ट आधी टाका, नाहीतर पीडीएफमध्ये रोमन अक्षरांची भेळ उतरते. लिबर ऑफिसला हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून शेकड्याने पीडीएफ होतात.

नव्या प्रोग्राममध्ये दस्त बाहेरच्या वर्डमध्येच उघडावा. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये प्रोसेस स्टार्टला फायलीचं नाव दिलं की काम व्हायचं. डॉट नेट कोअरपासून यूज शेल एक्झिक्यूट हे सेटिंग मुळात बंद असतं, ते चालू केलं नाही तर एक्सेप्शन येतं. वर्ड बंद होण्याची वाट पाहणारा कोडही लिहू नका. वर्ड आधीच उघडं असेल तर नवी प्रोसेस काम त्याच्याकडे सोपवून लगेच संपते. शिवाय वर्ड तात्पुरती फाइल लिहून तिचं नाव बदलतं, म्हणून फायलीतले बदल टिपणाऱ्या वॉचरमध्ये 'चेंज्ड'सोबत 'रीनेम्ड'ही ऐका.

ताळा रोजकीर्दीसारखा बसला पाहिजे. एकूण नोंदी म्हणजे निघालेले दस्त, अधिक रिकाम्या, अधिक दुवे, अधिक अडलेल्या. एका नोंदीचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका. प्रत्येक फायलीचा शा-२५६ हॅश (आशयावरून निघणारा ठसा) खाते क्रमांकासोबत टेबलात ठेवा आणि प्रत्येक वर्गातले वीसेक दस्त कर्ज विभागातल्या माणसाकडून उघडून घ्या. प्रोग्रामरला हमीपत्र आणि कर्जरोख्यातला फरक कळेलच असं नाही.

वेळ पतपेढीसाठी दिवाळीनंतरची. मार्चअखेर कुणी दारात उभं करणार नाही. आंब्याच्या पेढीवर मार्च ते मे विसरा. मच्छीमार सोसायटीला पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा सवड असते, पण लाईट किती वेळा जाईल सांगता येत नाही. म्हणून प्रोग्राम असा लिहा की शेवटच्या पूर्ण नोंदीपासून पुन्हा सुरू होईल. जुन्या एमडीबी रीड-ओन्ली करून दोन डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते तिथे कुणालाही विचारा.