पौर्वात्य की पाश्चात्त्य? बरं, ऐका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर तोंडी उत्तरं देऊन मी दमले आहे. माझ्या चित्रकलेच्या वर्गात दाराशेजारी जी प्रत टांगली आहे, तिच्यापुढे थांबून पालक, सहशिक्षक, तपासणीला आलेले साहेब, सगळे एकच विचारतात: "बाई, हे नक्की पौर्वात्य की पाश्चात्त्य?"

चित्र कोरियन चित्रकार आन जुंग-सिक यांचं, 1915 चं. 'बॅगाकवरची वसंतातली पहाट'. रेशमावर काढलेलं, उभं. खाली ग्वांगह्वामुन, म्हणजे सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याचा मुख्य दरवाजा. त्यामागे झाडांत आणि धुक्यात बुडालेली छपरं, आणि वर बॅगाक डोंगर. खालचा भाग यथार्थदर्शनाच्या, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवायच्या पाश्चात्त्य रीतीच्या, अंगाने बसवलेला, धुकं आणि डोंगर जुन्या शाईचित्रांच्या रीतीचे. एवढं दिसलं की लोक वाटणीला बसतात. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं.

ही वाटणी मला मान्य नाही. 1881 मध्ये, जेमतेम विशीतल्या आन यांना कोरियाच्या दरबाराने चीनमधल्या तियानजिनला पाठवलं होतं. कशाला, तर यंत्रांचे आराखडे काढायला शिकायला. शस्त्रं कशी बनवतात ते पाहायला गेलेल्या पथकात ते होते. म्हणजे पट्टी धरून रेघ मारायची ही 'पाश्चात्त्य' विद्या त्यांनी घेतली ती एका चिनी शहरात! उलट, डोळ्यांनी पाहिलेला डोंगर जसाच्या तसा काढावा, ही कल्पना युरोपातून येण्याची वाट कोरियाने पाहिलीच नव्हती. जोंग सॉन या कोरियन चित्रकाराने 1751 मध्येच सेऊलचा इनवांग डोंगर पाऊस उघडल्यावर दिसतो तसा काढून ठेवला होता. आता सांगा, रेघ कुठे मारायची?

हे सगळं मला ज्या दिवशी सुचायला हवं होतं त्या दिवशी सुचलं नाही. एका कलामंडळाने व्याख्यानाला बोलावलं होतं. मी जय्यत तयारी करून गेले. स्लाइडवर चित्र ठेवलं आणि पार्श्वभूमी सांगितली. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळला. राजवटीची 5 वर्षं साजरी करायला 1915 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच राजवाड्याच्या आवारात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरवलं, आणि त्यासाठी आतल्या कितीतरी इमारती हटवल्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात एकदा आणि शरदात पुन्हा एकदा आन यांनी हे दृश्य रंगवलं. त्यात प्रदर्शन नाही, मोडतोड नाही, माणूसच नाही. आणि नाव? वसंताचं. हा जपानी राजवटीचा निषेधच आहे, असं ठासून सांगून मी थांबले. टाळ्यांसाठीच थांबले, लपवू कशाला.

पहिल्या रांगेत एक ज्येष्ठ चित्रकार बसले होते. ते शेजाऱ्याशी बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "फोटोवरून काढलंय हो." सभागृह हसलं. मग माझ्याकडे वळून, "त्या कोनातले जुने फोटो मी पाहिलेत. आणि मधे धुकं घातलंय ना, ती पळवाट आहे. अवघड भाग टाळलाय." मी म्हणाले, "असेलही, सर." बस्स, एवढंच. पुढच्या सगळ्या स्लाइड मी नुसत्या वाचून दाखवल्या. चहाच्या वेळी ते आपुलकीने जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही चित्र बघत नाही, गोष्ट सांगता." ते आपुलकीने म्हणाले, हेच जास्त लागलं. रात्रीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि एकेक उत्तर सुचत होतं.

तर सर, फोटो पाहिला असेल त्यांनी. त्या दरवाज्यामागे डोंगर दिसणारी छायाचित्रं तेव्हा होती, पोस्टकार्डंही होती. पण कॅमेऱ्यापुढे जे उभं असतं तेवढंच फोटोत उतरतं. दरवाजा खरा वाटावा, आपण त्याच्यापुढच्या रस्त्यावर उभे आहोत असं वाटावं, म्हणून यथार्थदर्शन. आणि आत काय उरलंय, काय गेलंय, ते न सांगता वाडा अख्खा ठेवता यावा म्हणून धुकं. काही जागा न दाखवता सोडायची मुभा जुन्या शाईचित्रांनी आधीच दिलेली होती. अवघड भाग टाळलाय, हे तुमचं अगदी बरोबर. तो भाग त्या सुमारास पाडला जात होता.

मात्र हा निषेधच होता, हे त्या दिवशी मी ज्या ठामपणे सांगितलं, तेवढ्या ठामपणे आज सांगत नाही. चित्रावर त्यांच्या हातचं आहे ते शीर्षक, वर्ष, ऋतू आणि सही. तक्रारीचा शब्द नाही. 1902 मध्ये राजाचं व्यक्तिचित्र करण्याच्या कामात असलेला हा माणूस. त्याला देश गेल्याचं दुःख होतं की दरबार गेल्याचं? व्याख्यान देणारी मी म्हणेल, 1915 मध्ये त्या दोन दुःखांत फरक करणं म्हणजे उगीच कीस काढणं. आजची मी म्हणते, फरक होता, आणि चित्र दोन्हींना जागा देतं. आमचं दोघींचं यावर जमत नाही.

1919 मध्ये आन गेले. राजवाड्याच्या पुढ्यात जपान्यांनी सरकारी इमारत उभारली, ती 1926 मध्ये पुरी झाली. दरवाजा उचलून बाजूला नेला, कोरियन युद्धात त्याचं लाकूडकाम जळलं, 1968 मध्ये तो काँक्रीटमध्ये बांधला आणि 2010 मध्ये पुन्हा लाकडात, मूळ जागी. तिथे हल्ली जाणारे आपले लोक जो फोटो काढून मला पाठवतात, तो या चौथ्या-पाचव्या अवताराचा असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "बाई, तुमचं चित्र!"

सर म्हणतील, ही पुन्हा गोष्टच झाली. असेल. पण गोष्ट बाजूला ठेवून ते धुकं नुसतं धुकं म्हणून कसं बघायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही ते अजून जमलेलं नाही.