फार्नबरोचे शेत आणि दगडी कुत्रा : लंडन परिसरातील विस्मृतीत गेलेली मुष्टियुद्धस्थळे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली, हे ठाण्यात वाढलेल्या माणसाला पाठच असते. त्यानंतर सात वर्षे आणि एक दिवस उलटल्यावर, म्हणजे १७ एप्रिल १८६० रोजी, लंडन ब्रिज स्थानकातून भल्या पहाटे एक खास गाडी सुटली. उतारू शेकड्यांनी होते, परंतु गाडी कोणत्या गावी जाणार हे तिकिटावर छापलेले नव्हते. ती फार्नबरोला थांबली आणि तिथल्या एका शेतात इंग्लंडचा टॉम सेयर्स व अमेरिकेचा जॉन हीनन यांची उघड्या मुठींची लढत झाली. ही तारखांची जवळीक मला आमच्या वस्तादांनी तरुणपणी सांगितली होती. ते मूळचे कुस्तीचे, पुढे बॉक्सिंग शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली मी नौपाड्यात चार वर्षे ग्लोव्हज घातले. यंदा भाच्याकडे लंडनला जायचे ठरले तेव्हा त्यांचा निरोप घ्यायला गेलो, तर त्यांनी एकच गोष्ट मागितली : “त्या शेतातली मूठभर माती आण.”

ही माती आणता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. परदेशातील माती भारतात आणण्यास वनस्पती विलगीकरणाच्या नियमांनुसार बंदी आहे, आणि हौसेखातर विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही. वस्तादांना हे मी निघण्यापूर्वी सांगितले होते. त्यांनी ते ऐकले असे मला वाटत नाही.

जाणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घेतली तर बरीच पायपीट वाचेल. बक्षिसासाठी होणारी उघड्या मुठींची लढत त्या काळी बेकायदा होती. त्यामुळे आयोजक मुद्दाम दोन-तीन परगण्यांच्या शिवेवरची जागा निवडत. एका बाजूचा दंडाधिकारी शिपाई घेऊन आला, तर दोर आणि खुंट्या उचलून पलीकडे जाता यावे, हा हिशेब. इंग्लंडचा विजेता टॉम क्रिब आणि गुलामगिरीतून सुटून अमेरिकेहून आलेला टॉम मॉलिनो यांची २८ सप्टेंबर १८११ ची दुसरी लढत थिसलटन गॅपला झाली, तीही लेस्टरशायर, रटलंड आणि लिंकनशायर यांच्या सीमा जिथे जुळतात तिथे. ज्या जागेचा मागमूस राहू नये अशीच सर्वांची इच्छा होती, ती दोनशे वर्षांनी सापडावी ही आपली अपेक्षाच चुकीची आहे. आपल्याकडे तालीम पडली तरी तिच्यातला मारुती राहतो आणि त्यावरून जागा ओळखता येते. इथे तसा मारुती नाही; इथे शोधायची ती थडगी आणि पब, कारण निवृत्त मुष्टियोद्धे बहुधा दारूचे दुकान चालवत आणि मेल्यावर त्यांना नाव मिळे.

फार्नबरोला आम्ही वॉटर्लू स्थानकातून गेलो. प्रवास पाऊण तासाच्या आतला आहे. जुनी खास गाडी मात्र दुसऱ्या मार्गाने, आज फार्नबरो नॉर्थ म्हणतात त्या स्थानकाच्या रुळांवर आली होती. म्हणून मुख्य स्थानकावर उतरल्यावर नॉर्थ स्थानकापर्यंत पायी जावे आणि तिथून ब्लॅकवॉटर नदीच्या काठची पायवाट धरावी. नदी म्हणण्यापेक्षा तिला ओढा म्हणणे योग्य होईल, पण हॅम्पशायर आणि सरे यांची शीव तीच आहे, म्हणजे शिवेचा हिशेब इथेही होताच. आदल्या रात्रीच्या पावसाने वाट चिकट झाली होती आणि माझे ठाण्याहून आणलेले कॅनव्हासचे बूट पहिल्या दहा मिनिटांत घोट्यापर्यंत बरबटले. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट घालावेत. भाचा म्हणाला, “मामा, इथे बघायला काय आहे नक्की?” त्याचे बरोबर होते. रूळ, झुडपे, पाण्याची तळी आणि कुत्री फिरवणारी माणसे, एवढेच काय ते दिसत होते. लढतीची पाटी आम्हांला कुठे दिसली नाही.

तरीही मी तिथे तासभर थांबलो. सेयर्सची उंची पाच फूट आठ इंच, हीननची सहा फुटांच्या वर. वजनातला फरक सुमारे २० किलोंचा. त्या नियमांत तीन मिनिटांची फेरी नव्हती; कोणी पडला की फेरी संपे, आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा रिंगणाच्या मधोमध आखलेल्या रेघेवर यावे लागे. सेयर्सचा उजवा हात लढत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात निकामी झाला आणि उरलेली लढत तो जवळजवळ एका हाताने लढला. हीननचे डोळे सुजून मिटत चालले होते. दोन तासांहून अधिक वेळ हे चालल्यावर गर्दी दोरांच्या आत घुसली, लढत अनिर्णित ठरली आणि पुढे दोघांनाही विजेतेपदाचा पट्टा देण्यात आला. नदीकडच्या ओल्या गवतात मी पाय रोवून पवित्र्यात उभे राहून पाहिले, तर मागचा पाय सरकतच होता. खिळ्यांचे बूट घालून का लढत असतील, ते तेव्हा कळले.

सेयर्सला जनतेने वर्गणी काढून ३,००० पौंड दिले, अट एवढीच की त्याने पुन्हा लढू नये. तो १८६५ मध्ये, चाळिशीही न गाठता वारला. हायगेट दफनभूमीच्या पश्चिम भागात त्याचे थडगे आहे आणि त्यापुढे लायन नावाच्या त्याच्या कुत्र्याची दगडी मूर्ती पहुडलेली आहे. अंत्ययात्रेत मुख्य शोककर्ता म्हणून हाच कुत्रा गाडीत बसला होता. पंजांवर हनुवटी टेकवलेला तो कुत्रा पाहिल्यावर मला फार्नबरोचे सगळे शेत मिळाल्यासारखे वाटले. आर्चवे स्थानकावर उतरून वॉटर्लो पार्कमधून चढ चढावा. प्रवेशशुल्क आहे आणि कार्ल मार्क्स पूर्व भागात असल्याने बहुतेक पर्यटक तिकडे वळतात. तिकीट काढताना पश्चिम भाग म्हणून स्पष्ट सांगावे.

माझ्या मते सर्वांत मोलाची जागा मात्र ब्लॅकफ्रायर्स रोडवर, सदर्क स्थानकाच्या अगदी समोर आहे. तिथे १७८३ साली एक जवळजवळ गोल प्रार्थनामंदिर बांधले गेले. सैतानाला लपायला कोपरा राहू नये म्हणून ते गोल बांधले, अशी आख्यायिका आहे. १९१० मध्ये डिक बर्ज या माजी मुष्टियोद्ध्याने आणि त्याची पत्नी बेला हिने तिथे ‘द रिंग’ हे गरिबांना परवडणारे बॉक्सिंगगृह सुरू केले. डिक १९१८ मध्ये गेला. त्यानंतर बेलाने, त्या काळात बाईने अशा सभागृहात पाऊल टाकणेही अप्रशस्त समजले जात असताना, ते एकटीने चालवले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत ते नष्ट झाले. पुढे त्याच जागेवर ऑर्बिट हाउस उभे राहिले आणि इंडिया ऑफिसचे ग्रंथालय व दप्तर काही दशके तिथे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या ज्या कागदांवाचून मराठेशाहीच्या अभ्यासकाचे भागत नाही, ते कागद एके काळी या रिंगणाच्या जागेवर मांडलेले होते, हे मला तिथे उभे राहूनही खरे वाटेना. आता तिथे काचेची कार्यालयीन इमारत आहे आणि तिचे नाव पॅलेस्ट्रा, म्हणजे ग्रीकांची कुस्ती शिकवण्याची जागा. सरळ मराठीत तालीमच. समोरच्या कोपऱ्यावर ‘द रिंग’ नावाचा पब असून त्याच्या भिंतींवर जुन्या लढवय्यांची छायाचित्रे आहेत. दुपारी तीन ते पाच गर्दी नसते, तेव्हा ती निवांत पाहता येतात.

लेस्टर स्क्वेअरजवळ पँटन स्ट्रीटवर टॉम क्रिबचा पब आहे. चहाच्या वेळेत जमवता येतो. कोव्हेंट गार्डनमधील ४३ किंग स्ट्रीटला नॅशनल स्पोर्टिंग क्लब होता, तिथे फेरी चालू असताना प्रेक्षकांना बोलण्याची मनाई असे. आज बाहेरून दर्शनी भाग पाहून पुढे जावे. बेथनल ग्रीनला पॅराडाइज रो या रस्त्यावर अठराव्या शतकातला मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा याच्या घराची पाटी आहे, आणि तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर १९२९ चा यॉर्क हॉल. तिथे अजून लढती होतात, म्हणून शुक्रवार-शनिवारचे वेळापत्रक आधी पाहावे.

वेस्टमिन्स्टर ॲबीत मी स्वतःच्या अज्ञानामुळे एक दिवस गमावला. रविवारी ती केवळ प्रार्थनेसाठी उघडी असते आणि पर्यटकांना सोडत नाहीत, हे मी तपासले नव्हते. सोमवारी पुन्हा गेलो. पश्चिमेकडील ओवरीत जॅक ब्राउटनची शिळा आहे. १७४३ मध्ये बॉक्सिंगचे पहिले लेखी नियम करणाऱ्या या माणसाच्या नावापुढे ‘इंग्लंडचा विजेता’ असे कोरायला तेव्हाच्या मठाधिपतीने नकार दिला. जागा कोरी राहिली आणि ‘इंग्लंडचा मुष्टियोद्धा’ हे शब्द तिथे १९८८ मध्ये उमटले. खाली पाहत चालल्याशिवाय ही शिळा सापडत नाही.

वेळ उरल्यास आर्सेनल स्थानकावर उतरून हायबरी हे आर्सेनल फुटबॉल क्लबचे जुने मैदान पाहावे. २१ मे १९६६ रोजी मुहम्मद अलीने हेन्री कूपरला इथे सहाव्या फेरीत हरवले. मैदानाच्या जागी आता रहिवाशांची बाग आहे. पूर्वेकडचा दर्शनी भाग जपलेला असून तो रस्त्यावरूनच दिसतो.

एवढ्या ठिकाणांना चार पूर्ण दिवस पुरतात. शहरात बस व भुयारी रेल्वेला परदेशात चालणारे बँक कार्ड थेट टेकवता येते; परदेशी व्यवहार सुरू करून घेण्याचे काम ठाण्यातूनच उरकावे. मला बँकेला तो कॉल वॉटर्लू स्थानकाच्या फलाटावरून करावा लागला.

परत आल्यावर वस्तादांना छायाचित्रे दाखवली. कुत्र्याच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले. मग माती आणली नाही, बूटसुद्धा लंडनलाच घासून धुतले, कारण तळव्याची मातीही चालत नाही, असे मी सांगितले. चष्मा काढत ते म्हणाले, “नियम तुझे ठीक आहेत. पण इतकं घासून धुवायची काय गरज होती?”