फोनले ऊन लागनं

अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. गेल्या यात्रेत दुपारी दोनच्या सुमारास आम्ही दोघे एका रसवंतीवर रस प्यायलो आणि पैसे देण्यासाठी मी खिशातून फोन काढला, तर पडद्यावर क्यूआर कोडची चौकट उमटण्याऐवजी तापमापकाचे एक लहानसे चित्र आणि फोन थंड झाल्याशिवाय वापरता येणार नाही अशी सूचना झळकत होती. मी तो हलवून पाहिला, बटण दाबून पाहिले, सदऱ्याला पुसून पाहिला. परंतु फळ्यापाशी उभ्या केलेल्या हट्टी मुलाप्रमाणे तो काही केल्या तोंड उघडीना. रसवंतीवाल्याने घुंगरांचे चाक थांबवले, आधी माझ्याकडे आणि मग फोनकडे पाहिले आणि जागच्या जागी निदान केले, “तुम्हना फोनले ऊन लागनं, आबा. खिसामा कांदा ठेवा.”

एवढे बोलून त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि बर्फाच्या लादीवर पांघरलेल्या ओल्या गोणपाटाशेजारी टेकवून ठेवला. तोवर पत्नीने पर्समधून चाळीस रुपये काढून देऊनही टाकले. नोटांना ऊन लागत नाही, हे ती बोलली नाही; पण तिच्या चेहऱ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.

खानदेशात ऊन लागणे हा थट्टेचा विषय नाही. बाहेर पडताना डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळावा, माठातले पाणी पोटभर प्यावे, खिशात कांदा ठेवावा आणि कामे एक तर दहाच्या आत नाहीतर पाचनंतर उरकावीत, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. कांद्याने ऊन लागत नाही याला वैद्यकशास्त्राचा आधार कितपत आहे हा प्रश्न वेगळा, तथापि कांदा घेण्यासाठी घरात परत वळलेला माणूस पाणीही पिऊन निघतो, हा त्याचा एक फायदा नक्कीच आहे. माणसाची आणि बैलाची ही काळजी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. फोनचीही ती घ्यावी लागते, हे मात्र मला त्या रसवंतीवर समजले.

घरी आल्यावर कूलरसमोर बसून मी चौकशी केली. ॲपल कंपनी आपल्या आयफोनविषयी स्वच्छ लिहून ठेवते की, तो ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या वातावरणात वापरावा, नुसता ठेवायचा असेल तर उणे २० ते ४५ अंशांच्या दरम्यान ठेवावा आणि उभ्या मोटारीत सोडून जाऊ नये. माझा फोन दुसऱ्याच कंपनीचा आहे. त्याच्या पुस्तिकेतले आकडेही थोड्याफार फरकाने हेच निघाले. हे वाचून मला राग आला नाही, उलट इतक्या वर्षांचे एक कोडे उलगडल्याचे समाधान झाले. पस्तीस अंश म्हणजे आमच्याकडची फाल्गुनातली दुपार. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, आणि वेधशाळेचा तो आकडाही सावलीतला असतो: तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फूट उंच टांगलेला असतो आणि त्याला थेट ऊन लागू दिले जात नाही. म्हणजे ज्या उन्हापासून वेधशाळा आपल्या तापमापकाला जपते, त्याच उन्हात आम्ही फोन कानाला लावून उभे असतो. त्यातून सदऱ्याचा खिसा म्हणजे सदतीस अंशांच्या अंगाला चिकटलेली जागा. पुस्तिकेचा अर्थ शब्दशः लावायचा ठरवला, तर चैत्र ते ज्येष्ठ हे तीन महिने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दुपारचे दूरध्वनी बंदच ठेवावे लागतील. आणि एका अर्थी ती कल्पना वाईटही नाही.

आता तंत्रज्ञानाच्या बातम्या पाहा. दर सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या एका सुखद सकाळी नव्या आयफोनचे अनावरण होते आणि पुढचे पंधरा दिवस आपली वृत्तपत्रे व वाहिन्या त्याची जाडी, कॅमेरे आणि रंग यांच्या वर्णनांनी भरून वाहतात. २०२५ साली आलेला आयफोन एअर ५.६ मिलिमीटर जाडीचा होता. त्याच वर्षी सॅमसंगने ५.८ मिलिमीटरचा फोन आणला होता, तेव्हा दोन दशांश मिलिमीटरचा हा फरक जणू पानिपतचा निकाल असावा अशा आवेशाने सांगण्यात आला. मला तर वाटते, हातात धरल्यावर तो फरक ओळखू शकेल असा माणूस आमच्या तालुक्यात फक्त सोनार असेल. जाडीनंतर सांगितला जातो तो पाण्याचा पराक्रम: अलीकडचे आयफोन सहा मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतात. टिकत असतील, परंतु वैशाखातल्या बोरीत सहा मीटर पाणी दाखवणाऱ्याला मी माझा फोन बक्षीस देईन. तिथे असते ती रेती, फुफाटा आणि वरून आग. अमुक फोन चव्वेचाळीस अंशांत, थेट उन्हात, चालू नकाशासह किती वेळ तग धरतो, हे कोणत्याही समारंभात सांगितल्याचे मी ऐकलेले नाही, आणि परीक्षणे लिहिणारी मंडळीही बहुतेक वेळा वातानुकूलित खोलीत बसूनच गुण देत असावीत असा माझा दाट संशय आहे.

मूळ अडचण साधी आहे. फोनला पंखा नसतो आणि घामही येत नाही. आतल्या चिपची व बॅटरीची उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ स्वतःच्या पाठीखेरीज दुसरे साधन नाही, आणि पाठीवाटे उष्णता तेव्हाच बाहेर जाते जेव्हा बाहेरची हवा पाठीपेक्षा थंड असते. बाहेर लू वाहत असेल तर पाठ उष्णता टाकणार कुठे? मग तो काटकसर सुरू करतो. आधी चार्जिंग मंदावते किंवा थांबते, मग काम संथ होते, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडतो, आणि पडदा अंधूक होतो. यातली पडद्याची गोष्ट मला सर्वांत विनोदी वाटते, कारण हेच फोन उन्हात स्पष्ट दिसावेत म्हणून ३००० निट्सपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजळू शकतात असे जाहिरातीत सांगितलेले असते. उन्हात दिसावे म्हणून पडदा उजळायचा, उजळला म्हणून तापायचे आणि तापला म्हणून अंधूक व्हायचे. अशा वेळी डोक्यावरच्या रुमालाचा पदर पुढे ओढून, त्याच्या सावलीत नाक पडद्याला टेकवून नंबर शोधणारा माणूस आमच्या बाजारपेठेत कोणत्याही दुपारी पाहायला मिळतो.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. २०२३ साली आयफोन १५ प्रो फार तापतो अशी ओरड झाली, तेव्हा ॲपलने त्याचा दोष टायटॅनियमच्या नव्या चौकटीला न देता आयओएस १७ या फोनच्या कार्यप्रणालीतल्या एका त्रुटीला आणि काही ॲपना दिला आणि लगोलग दुरुस्ती पाठवली. दोनच वर्षांनी १७ प्रो आला तो मात्र टायटॅनियम सोडून ॲल्युमिनियमचे अंग घेऊन, आणि पोटात बाष्पकक्ष घेऊन. हा बाष्पकक्ष अँड्रॉइड फोनांत आधीपासूनच होता. चपट्या, बंद डबीत थोडेसे पाणी असते. चिपजवळ त्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि अशी उष्णता एका जागी न साचता अंगभर पसरते. बातमी वाचून पत्नी म्हणाली, “म्हणजे माठच की!” तिचे अर्धे बरोबर होते. माठाचे पाणी पाझरून हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते; फोनमधले पाणी डबीतच फिरत राहते, त्यामुळे शेवटी ती उष्णता पुन्हा त्या तापलेल्या पाठीपाशीच येऊन थबकते. हा लाखेने तोंड बंद केलेला माठ आहे. आमच्या कुंभाराने असा माठ आणून दिला असता, तर आम्ही तो त्याच्याच हातगाडीवर परत ठेवला असता.

आणि गंमत अशी की, या कंपन्या स्वतःची यंत्रे ठेवताना हवामानाचा विचार फार बारकाईने करतात. फेसबुकने युरोपातले आपले पहिले माहिती केंद्र, म्हणजे सर्व्हरांचे डेटा सेंटर, २०१३ साली सुरू केले ते उत्तर स्वीडनमधल्या लुलिओ या गावी, आर्क्टिक वृत्ताजवळ. कारण तिथली बाहेरची हवाच सर्व्हर थंड ठेवायला पुरते. जिथे हवा तितकी कनवाळू नाही तिथे पुष्कळ माहिती केंद्रांमध्ये पाणी बाष्पीभवनाने उडवून हवा गार करतात, म्हणजे आमच्या कूलरचेच तत्त्व, फक्त वाळ्याच्या ताटीचा वास तेवढा नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांत अलीकडे पाण्याचा उल्लेख वारंवार येतो तो याचमुळे. त्यांच्या यंत्रांना लुलिओ आणि आमच्या यंत्रांना बोरीचे पात्र, ही वाटणी मला काही पटलेली नाही.

बॅटरीचे दुखणे याहून खोल आहे. पडदा थंड झाला की पुन्हा उजळतो, लिथियम-आयन बॅटरी मात्र सोसलेले प्रत्येक ऊन लक्षात ठेवते. उष्णतेने तिच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि तिची साठवण कायमची घटते. त्यातही पूर्ण भरलेली आणि तापलेली अशा दोन्ही अवस्था एकत्र आल्या तर सर्वांत वाईट. शंभर टक्के भरूनच बाहेर पडायचे ही आपली सवय म्हणजे वैशाखात पुरणपोळी खाऊन शेताच्या बांधावर उन्हात झोपण्यासारखी आहे. आमच्या बाजारपेठेतला मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा, जो एके काळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे, सांगतो, “सर, तुमची शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आमचा सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो.” त्याच्या टेबलाच्या खणात फुगलेल्या बॅटऱ्यांचा एक डबाच आहे, एखादी तर तेलात सोडलेल्या पापडासारखी मधून उचललेली. माझ्या देखत त्याने एक फोन उघडला. पाठ गोंदाने चिकटवलेली असल्यामुळे आधी तिच्यावर ब्लोअरने गरम हवा मारली, मग पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवत नेली. मी विचारले, “अरे, उष्णतेने बिघडलेल्याला पुन्हा उष्णताच?” तर म्हणाला, “मे महिन्यात लाइट गेली की फोन स्कूटरच्या सीटवर ठेवतो सर, ब्लोअर लागत नाही.”

नोकिया ११०० आठवतो. २००३ साली आलेल्या त्या फोनची पाठ अंगठ्याने सरकत असे आणि बॅटरी बदलायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नसे. आपल्यासारख्या देशांचा विचार करून बनवलेला तो फोन होता: बटणांत धूळ जाऊ नये म्हणून सलग रबरी आवरण, घामट हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा, आणि वीज जाते हे ओळखून दिलेली टॉर्च. जगभरात तो पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. आता युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून तिकडच्या उपकरणांतली बॅटरी, काही सवलती वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असे ठरले आहे आणि ही फार मोठी क्रांती असल्याप्रमाणे तिची चर्चा चालली आहे. आमच्याकडे ती क्रांती होऊन, जुनी होऊन, भंगारातही गेली.

कोणी म्हणेल, फोन परदेशात बनतात, त्यांना खानदेशाचे ऊन काय ठाऊक! पण तसेही नाही. आयफोन आता तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला जुळवले जातात, आणि तिथल्या मे महिन्यालाही पस्तीस अंशांची मर्यादा मान्य नाही. शिवाय संगणकाचा आणि आमच्या उन्हाचा संबंध फार जुना आहे. आज जगभर संगणकसेवा देणारी विप्रो १९४५ साली जन्मली ती आमच्या अमळनेरलाच, वनस्पती तेल-तुपाच्या कारखान्यातून. मूळ नावच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. वनस्पती तूप वैशाखात डब्यात पातळ होते हे इथल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला माहीत असे, आणि डब्यावर ‘पस्तीस अंशांच्या आत वापरावे’ असे कोणी छापले नव्हते. तूप वितळले तरी भजी तळली जातच होती.

गेल्या मे महिन्यात पुतण्या पुण्याहून आला तो नवा, पातळ फोन घेऊन. मी जाडी विचारण्याआधीच त्याने ती सांगितली. सकाळी काकूने गच्चीवर ओल्या कापडावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातलेले पाहून त्याला त्यांचे रील करण्याची हुक्की आली आणि काकू “दहाच्या आत आटप रे बाबा” असे बजावत असतानाही तो साडेअकरापर्यंत वेगवेगळ्या कोनांतून बिबड्यांचे चित्रण करीत राहिला. खाली आला तेव्हा बिबडे कडक वाळले होते आणि फोन तापमापकाचे चित्र दाखवत होता. त्याने तो फ्रिजमध्ये ठेवायला दार उघडले, तर आत गारव्याने पाणी सुटेल म्हणून मी अडवले. काकूने काही न बोलता फोन त्याच्या हातातून घेतला, माठाच्या तिवईखालच्या गार फरशीवर माझ्या फोनशेजारी ठेवला आणि दोघांच्या मधोमध टोपलीतला एक कांदा ठेवून ती पुन्हा गच्चीवर गेली. गुण फरशीचा की कांद्याचा ते सांगता येत नाही, पण त्याचा फोन माझ्या फोनच्या चार मिनिटे आधी सुरू झाला; आणि संध्याकाळी पुण्याच्या गाडीसाठी निघताना त्याने दारातून परत येऊन तो कांदा मागून घेतला.