बादली घेऊन जंगलात: फिनलंडमधला बेरी वेचण्याचा मोसम

जुलैचा पहिला पंधरवडा सरला की दक्षिण फिनलंडमध्ये ऑफिसच्या कॉफीपासून बसथांब्यापर्यंत एकच चौकशी सुरू होते: यंदा मुस्तिक्का कशी आली आहे? मुस्तिक्का म्हणजे इथली रानातली ब्लूबेरी. भारतात सुपरमार्केटच्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळते ती शेतात लावलेली जात. तिचं झाड माणसाएवढं वाढतं आणि फळ आतून फिकट, हिरवट असतं. रानातली मुस्तिक्का घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या झुडपावर येते, घोसात नाही तर एकेकटी लागते, आणि आतूनही गर्द जांभळी असते. चार बेरी खाल्ल्या की जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी रंगते. चव आंबटगोड आणि इतकी दाट, की एकदा ही खाल्ली की डबीतली पाणचट लागते.

फिनलंडच्या जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे, आणि त्यातलं पुष्कळ जंगल खासगी मालकीचं आहे. तरीही रानातल्या बेरी, खाण्याजोगी अळिंबी आणि फुलं कोणीही वेचून न्यावीत, अशी इथली रीत आहे. ‘योकाइसेन ओइकेउस’, म्हणजे ‘प्रत्येकाचा हक्क’, या नावाने ती ओळखली जाते. तिला कायद्याचा आधारही आहे. दंडसंहितेच्या २८ व्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की दुसऱ्याच्या जमिनीवरून रानबेरी, अळिंबी, सूचिपर्णी झाडांचे गळलेले शंकू किंवा जमिनीवर पडलेल्या काटक्या उचलणं हा गुन्हा नाही. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, परवाना लागत नाही, पैसे पडत नाहीत. पर्यटक म्हणून आठ दिवसांसाठी आलेल्या आजी-आजोबांनाही हा हक्क तेवढाच लागू आहे. वेचलेली बेरी विकली तर त्या कमाईवर वेचणाऱ्याला करही नाही. मला या देशाबद्दल जे काही आवडतं, त्यात ही गोष्ट फार वर आहे.

मर्यादा मात्र नीट माहीत हव्यात. कोणाच्या घराच्या अंगणात किंवा अंगणाला लागून वेचायचं नाही. शेतात आणि बागेत लावलेलं काही तोडायचं नाही. शेवाळ, दगडफूल आणि जिवंत फांद्या जमीनमालकाच्या परवानगीशिवाय घ्यायच्या नाहीत, गाडी रस्ता सोडून रानात घालायची नाही आणि आग तर परवानगीशिवाय पेटवायचीच नाही. राष्ट्रीय उद्यानांत बेरी वेचता येतात, पण कडक राखीव क्षेत्रांचे नियम वेगळे असतात, म्हणून प्रवेशापाशी लावलेला फलक वाचूनच आत जावं.

नव्याने आलेले लोक बहुधा चुकीच्या जंगलात शोधत बसतात. मुस्तिक्काला जुनं, थोडं ओलसर, अर्धवट सावलीचं जंगल लागतं. जिथे स्प्रूस या सूचिपर्णी जातीची मोठी झाडं आहेत आणि खाली शेवाळाची गादी आहे, तिथे ती हमखास असते. अगदी गच्च अंधारात झुडूप वाढतं पण फळ धरत नाही, आणि सगळी झाडं तोडलेल्या उघड्यावर कडक उन्हाने झुडूपच मरतं. त्यामुळे जंगलातल्या छोट्या मोकळ्या जागांच्या कडा आधी धुंडाळाव्यात. पीक दर वर्षी सारखं नसतं. मे-जूनमध्ये फुलं असताना कडाक्याची थंडी पडली किंवा पाऊस लागून राहिला, तर भुंगे बाहेर पडत नाहीत आणि फळधारणाच होत नाही. हेलसिंकीकरांना लांब जावं लागत नाही. शहराच्या मधोमध असलेल्या केस्कुसपुइस्तो या लांबलचक जंगलातही बेरी मिळतात, आणि नूक्सिओच्या राष्ट्रीय उद्यानात शेजारच्या एस्पो शहराच्या स्टेशनवरून बसने जाता येतं.

सामान थोडंच लागतं. पाच लिटरची झाकणाची टणक बादली, पाण्याची बाटली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि पूर्ण पँट. पिशवी नको. पिशवीत खालच्या बेरी वरच्यांच्या वजनाने आणि चालताना बसणाऱ्या धक्क्यांनी फुटतात, रस सुटतो आणि घरी येईपर्यंत लगदा होतो. वेचायला ‘पोइमुरी’ नावाचं हत्यार दुकानात मिळतं: पुढे फणीसारखे दात, मागे डबा, वर मूठ. ते झुडपाच्या खालून घालून हलकेच वर उचलायचं. फळ दातांत अडकून डब्यात पडतं आणि पानं निसटतात. घाईने हिसडा दिला की पानं आणि कोवळ्या काड्या तुटून डबा भरतो. घरी निवडायला दुप्पट वेळ जातो, आणि झुडपाचंही नुकसान होतं. लहान मुलं बरोबर असतील तर पोइमुरी राहू द्या, हातानेच वेचा. पोइमुरीत कच्ची लाल बेरीही येते, हाताने वेचलेली निवडावी लागत नाही.

पावसानंतर लगेच जाऊ नये. ओल्या बेरीला पानं चिकटतात आणि साठवताना बुरशी धरते. दव वाळल्यावर, दहाच्या सुमारास सुरुवात करावी, आणि भरलेली बादली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

फळ ओळखण्याची खूण पक्की करून घ्या. मुस्तिक्काची काडी हिरवी आणि कोनदार असते, पानं छोटी आणि पुष्कळ असतात, फळाच्या टोकाला गोल चपटी चकती असते. जवळपासच ‘सुदेनमार्या’ ही विषारी वनस्पती उगवते. तिच्या एका उभ्या देठावर बहुधा चार मोठी पानं चौफुलीसारखी पसरलेली असतात आणि मधोमध एकच काळसर फळ असतं. एकदा नीट पाहिलं की गोंधळ होत नाही, पण मुलांना आधी दाखवावं. विषारी साप इथे एकच, ‘क्यू’. तो पायांची चाहूल लागली की सरकून जातो. चावला तर पाय हलवू न देता ११२ ला फोन करायचा.

खरा त्रास गोचिडांचा. त्यांच्यामुळे लाइम आजार होतो आणि काही भागांत मेंदूज्वरही, ज्याची लस मिळते. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि मुलांच्या कानामागे पाहावं. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. तेल, तूप किंवा चटका देऊ नये. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जावं. रस्ता चुकण्याचं भानही हवं, कारण वेचताना नजर जमिनीवर असते आणि सगळी झाडं सारखीच दिसतात. ‘११२ सुओमी’ हे ॲप फोनमध्ये असावं. त्यातून फोन केला की तुमचं ठिकाण मदतकेंद्राला आपोआप कळतं.

घरी आणलेल्या बेरी पाखडायला सूप असेल तर उत्तमच. नसेल तर उतरत्या धरलेल्या ताटावर ओलसर पंचा अंथरायचा आणि बेरी वरून घरंगळत सोडायच्या. पानं कापडाला चिकटतात, फळं खाली भांड्यात जमतात. फ्रीझरमध्ये ठेवायच्या असतील तर धुवू नका, पाण्याने त्यांचा गोळा होतो. आधी ताटलीत एकेरी थर पसरून गोठवा, मग अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या डब्यांत भरा. इथे बेरी बाजारातही लिटरवरच विकतात. एक लिटर मुस्तिक्का साधारण ६०० ग्रॅम भरते.

यातल्या २५० ग्रॅमची मुस्तिक्कापीराक्का होते, म्हणजे घरोघरी ओव्हनमध्ये भाजला जाणारा गोड ‘पाय’ (pie). १०० ग्रॅम मऊ लोणी आणि ८५ ग्रॅम साखर फेटा, एक अंडं घाला, मग १६० ग्रॅम मैदा आणि चमचाभर बेकिंग पावडर घालून जेमतेम एकत्र करा. जास्त मळलं तर तळ कडक होतो. अर्धा चमचा जाडसर वेलची पूडही घालता येते. फिनिश बेकरीत वेलची इतकी मुरलेली आहे की कोणाला नवल वाटणार नाही. हे २४ ते २६ सेंटिमीटरच्या भांड्यात तळाला आणि कडांना थापा आणि बेरी पसरा. वर २०० मिली घट्ट दही, एक अंडं आणि ४० ग्रॅम साखर फेटून ओता. २०० अंशांवर, ओव्हनच्या खालच्या कप्प्यात ३० ते ३५ मिनिटं. गोठलेली बेरी वापरत असाल तर ती वितळू देऊ नका आणि तिला एक मोठा चमचा बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च (कॉर्नफ्लोअर) चोळा, नाहीतर सुटलेल्या रसाने तळ कच्चा राहतो.

लाक्का ही पिवळी-केशरी बेरी उत्तरेकडच्या दलदलीत मिळते. दोन युरोच्या फिनिश नाण्यावर तिचंच चित्र आहे. कच्ची असताना ती लाल आणि टणक असते, पिकली की केशरी आणि मऊ होते, हे उलटं गणित लक्षात ठेवावं. दलदलीची सवय नसेल तर एकट्याने जाऊ नये. बाजारात विकत घ्यावी, महाग असली तरी.

ऑगस्टच्या शेवटी पुओलुक्का ही लाल बेरी (लिंगनबेरी) पिकते आणि बर्फ पडेपर्यंत मिळत राहते. ती उजेडाच्या, कोरड्या पाइनच्या जंगलात असते. पानं जाड, चकचकीत, बारमाही हिरवी. कच्ची खाल्ली तर आंबट-तुरट. तिच्यात निसर्गतःच बेंझोइक आम्ल असल्यामुळे ती सहसा नासत नाही. पूर्वीपासून लोक नुसत्या थंड पाण्यात बुडवून बरणीत ठेवत आले आहेत.

मराठी घरात तिचं मेथांब्यासारखं लोणचं फार सुरेख होतं. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद. त्यावर २०० ग्रॅम पुओलुक्का, फुटेपर्यंत पाच मिनिटं. मग ९० ग्रॅम गूळ, चमचाभर तिखट, पाऊण चमचा मीठ, आणि आणखी पाचच मिनिटं. पातळ दिसतं म्हणून आटवत बसू नका. या फळात पेक्टिन भरपूर असतं, थंड झाल्यावर ते आपोआप दाटतं. आटवलंत तर बरणीतून चमचा निघणार नाही.

आणि शेवटी विस्पिपूरो, गुलाबी रंगाची फेटलेली लापशी. ही भारतातही करता येते, कारण तिचा आधार आपला बारीक रवा. एक लिटर पाण्यात ३०० मिली मापाची पुओलुक्का दहा मिनिटं उकळा, १०० ते १२० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला. मग सुमारे १०० ग्रॅम रवा एका हाताने भुरभुरवत, दुसऱ्या हाताने ढवळत सोडा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. रवा न भाजलेलाच हवा. भाजलेला रवा तेवढा चिकट होत नाही, आणि चिकटपणा नसला तर फेटताना हवा धरून राहत नाही. आता पातेलं पूर्ण थंड होऊ द्या, थंड पाण्यात बसवलं तर लवकर होईल, आणि इलेक्ट्रिक बीटरने पाच ते दहा मिनिटं फेटा. गडद लाल रंग हळूहळू फिका गुलाबी होतो आणि लापशी फुलून जवळजवळ दुप्पट दिसते. कोमट असतानाच फेटायला घेतलं तर ती फुलत नाही. वरून थंड दूध आणि थोडी साखर. पुओलुक्का नसेल तिथे महाबळेश्वरची रास्पबेरी चालते. साखर थोडी कमी करा, आणि रवा घालण्याआधी रस गाळून घ्या, नाहीतर बिया दातांखाली येतात.