अंधेरीतला लाव्हा, काळाघोड्यापर्यंत

भाच्याला मुंबईचा ज्वालामुखी दाखवायचं कबूल करून बसलो होतो, त्यामुळे रविवारी सकाळी सातलाच अंधेरी पश्चिमेला उतरलो. रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिल’ कळेना, ‘गावदेवी डोंगरी’ म्हटल्यावर लगेच मीटर टाकला. तुम्हीही तेच सांगा.

चाळी आणि टॉवर यांच्या मधून तो काळा कडा एकदम समोर येतो. सुमारे ६१ मीटर उंच, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. ‘‘मामा, हे कोणी तासलं?’’ कोणीच नाही. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे उभे बहुकोनी खांब तयार होतात. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी खडीसाठी नेला, उरला तो हा सुळका. खांब खालूनच नीट दिसतात, म्हणून आधी पायथ्याशी हिंडून घ्या. मग पायऱ्या चढून गावदेवीचं दर्शन. नऊनंतर दगड तापतो.

तिथून पूर्वेला महाकाली लेणी, म्हणजेच जुनी कोंडिवटे. माझ्या मते दिवसाचं खरं सार इथे आहे, आणि बहुतेकजण दहा मिनिटांत फोटो काढून निघतात. घाई करू नका. भिंत निरखून पाहा: वेगवेगळ्या आकाराचे टोकदार तुकडे कशात तरी घट्ट रुतलेत. उद्रेकात फुटलेल्या खडकाचे ते तुकडे, राखेसकट एकमेकांना चिकटलेले. गावदेवीच्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या त्या काळ्या दगडाच्या, मानाने हा दगड छिन्नीला मऊ. भिक्षूंनी इथे एकोणीस लेणी कोरली ती उगाच नाही. पण मऊपणाची किंमतही आहे, कडा झिजल्यात, शिल्पं पुसट झालीत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती दगडाचीच गोल खोली आहे, तिला जाळीच्या खिडक्या. आत अंधार असतो, टॉर्च हवाच. कोरीव भागाला हात लावू नका.

दुपारी लोकलने चर्चगेट, तिथून चालत काळाघोडा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट, पिवळसर तो मालाडचा. तोही लाव्हाच, पण सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) जास्त म्हणून रंग फिका. हे पाहायला तिकीट लागत नाही, फुटपाथवरूनही दिसतं. भाच्याने मात्र आतल्या ममीसाठी तिकीट काढायला लावलंच.

राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांचा दगडही कोंडिवट्याच्याच जातीचा. तिकडे जाणार असाल तर सोमवार टाळा, उद्यान बंद असतं.