कूलर झाकला त्या दिवशी

कॉम्प्युटर, आमच्या भाषेत मशीन, दुकानात आलं तेव्हा त्याच्यासोबत आधीच्या तीन दुरुस्तीवाल्यांची तीन बिलं होती. पहिल्याने ८५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, काढून १२०० वॉटचा टाकला होता. दुसऱ्याने रॅम बदलून विंडोज नव्याने टाकलं होतं. तिसऱ्याने पैसे घेतले ते सल्ल्याचे: बाजूची काच काढून ठेवा आणि समोर टेबल फॅन लावा. आतल्या ग्राफिक कार्डाचं तापमान किती जातं हे तिघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे आणि मला त्याचा रोज तितकाच राग येतो. ताप मोजल्याशिवाय औषध देणारा डॉक्टर कोणी चालवून घेत नाही.

माझं दुकान नागपुरात बर्डीवर आहे, चौदा वर्षं झाली. मशीन मानेवाड्याकडच्या एका मुलाचं. तो आर्किटेक्ट लोकांसाठी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू करतो. रात्री रेंडर लावून, म्हणजे मशीनला एकेक चित्र बनवायला लावून, झोपतो आणि सकाळी ती चित्रं, म्हणजे फ्रेम, गोळा करतो. दोन ग्राफिक कार्डं, दोन्ही आरटीएक्स ३०९०, दोन्ही जुनी घेतलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे अशी कार्डं चालवून ते कमावणं, बंद झालं आणि मायनिंगवाल्यांची कार्डं बाजारात ढिगाने आली, त्या ढिगातली.

"दादा, सकाळी उठून पाहतो तर स्क्रीन काळी आणि पंखे पूर्ण जोरात. बटण दाबून बंद केल्याशिवाय काहीच होत नाही."

सोबत वडील होते, एसटीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "भाऊ, आख्खा मे महिना चालला ना जी हा सीपीयू. पंचेचाळीस डिग्रीत चालला. आता पाऊस आला, गार झालं, आन् आताच काऊन बंद पडते?"

मी मान हलवली आणि पावती फाडायला घेतली. इतक्या नेमक्या प्रश्नाला मी उत्तरही दिलं नाही, हे मला अजून टोचतं.

मशीन टेबलावर घेतलं. कॅबिनेट सध्या सगळे मागतात तसलं, समोर पूर्ण काच आणि काचेमागे तीन रंगीत पंखे. हवा आत यायची ती काचेच्या दोन्ही कडांना असलेल्या बोटभर फटीतून. मी अशा वेळी उदबत्ती लावतो. फटीजवळ धरली तर धूर जेमतेम वाकला. मागच्या बाजूला, स्लॉटच्या रिकाम्या पट्टीजवळ धरली तर धूर आत ओढला जात होता. म्हणजे कॅबिनेट स्वतःचीच बाहेर टाकलेली गरम हवा मागून परत घेत होतं. या मशीनला पूर्ण लोडवर भिंतीतून ८७० वॉट लागत होते, मीटर लावून पाहिलं. एवढी उष्णता हवेला दहा अंशांपेक्षा जास्त न तापवता बाहेर काढायची तर मिनिटाला दीडशे घनफूट हवा फिरावी लागते. हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला दोन मिनिटांत करता येतो. पण काच दिसते छान, म्हणून काच विकली जाते.

दोन कार्डं एकमेकांच्या डोक्यावर बसवली होती, मधे करंगळी शिरणार नाही एवढीच जागा. खालचं कार्ड आपली गरम हवा वर सोडतं आणि वरच्या कार्डाचे पंखे तीच ओढतात. त्या फटीत मी तापमापकाची तार सरकवली. दहा मिनिटांत ५८ अंश. वरच्या कार्डाला श्वास घ्यायला मिळत होता तो ५८ अंशांचा.

एचडब्ल्यूइन्फो हे आतले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर लावून कार्डावरच्या मेमरीचं तापमान पाहिलं. बहुतेक लोक फक्त जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा, आकडा बघतात. तो ७६ होता, त्यामुळे वरवर सगळं छान. पण मेमरीचा आकडा अकराव्या मिनिटाला ११० वर गेला आणि तिथेच थांबला. या मेमरीची ती शेवटची पायरी आहे. तिथे कार्ड स्वतःचा वेग तोडतं. चार मिनिटांची फ्रेम सात मिनिटं घेते आणि त्याच्याही पुढे ताणलं तर काळी स्क्रीन.

३०९० मध्ये मेमरीच्या २४ चिप्स असतात, बारा पुढे आणि बारा मागे. पुढच्या बारांना हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, आणि पंखे मिळतात. मागच्या बारांच्या वाट्याला फक्त पाठीचा पत्रा. चिप आणि पत्रा यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणारा जो मऊ थर्मल पॅड असतो, तो चांगला असेल तरच पत्रा काही कामाचा.

पत्रा उघडला. पॅडमधलं तेल सुटून बोर्डावर चकाकत होतं आणि पॅड खडूसारखे झाले होते, चिमटा लावला की चुरा. दोन चिप्सवर तर पॅड नुसता टेकला होता, दबलेला नव्हता. विकणाऱ्याने 'टेस्टेड ओके' लिहून दिलं होतं. पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही.

पॅड बदलणं हे काम लोकांना चिकटवाचिकटवी वाटतं. खरी मेख जाडीत आहे. एकाच कार्डावर तीन जाडीचे पॅड निघाले. अर्धा मिलिमीटर जाड बसवला तर मेमरीला भरपूर दाब मिळतो, पण हीटसिंक जीपीयूच्या चिपवरून उचलला जातो. पातळ बसवला तर मेमरी कोरडी राहते. जुना पॅड व्हर्नियरने मोजूनही उपयोग नाही, कारण तो वर्षानुवर्षं दाबला गेलेला असतो. मी नवीन पॅड कापून ठेवतो, चिपवर पेस्टचा बारीक ठिपका देतो, हीटसिंक आवळून पुन्हा उघडतो आणि ठसा पाहतो. ठसा कडेपर्यंत सारखा आला तर जाडी बरोबर. त्या दोन कार्डांना मी सहा वेळा उघडलं. दिवस गेला, दुसरी गिऱ्हाइकं परत गेली. पण शेवटी ठसा असा आला की दुकानातल्या पोराला बोलावून दाखवला.

हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरने निघेना. ती सुटी नव्हती, पांढरट पापुद्रा झाला होता, भिंतीच्या पोपड्यासारखा. दाताच्या ब्रशने आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तो काढला. मशीन कूलरसमोर ठेवत असणार, एवढं मी ओळखलं. नागपूरच्या बोअरच्या पाण्याचा क्षार कूलरच्या खसेवर बसतो तसाच इथे बसला होता. ओळखलं आणि सोडून दिलं.

सगळं जोडून रात्रभर रेंडर लावला. वरच्या कार्डाची मेमरी ९० वर स्थिर, खालची ८२. चौदा तास एकही फ्रेम अडकली नाही. मी खूश. मशीन घरी गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. स्क्रीन काळी, पंखे जोरात.

अशा वेळी आमच्यातले बरेच जण 'तुमच्या घरचं अर्थिंग बघा' म्हणून मोकळे होतात. मी दुपारी तापमापक घेऊन त्यांच्या घरी गेलो.

पहिल्या मजल्यावरची खोली, दहा बाय दहाची, वर स्लॅब, पश्चिमेची भिंत उघडी. एक खिडकी आणि तिच्यात बाहेरून बसवलेला लोखंडी कूलर. त्याच्यावर निळी ताडपत्री, दोरीने घट्ट बांधलेली. दार बंद, कारण डास. काकूंनी चहा आणून दिला आणि जाताना दार पुन्हा लावून घेतलं.

चार वाजता रेंडर सुरू केला. खोली ३२.५ अंश. मी पलंगावर बसून दर दहा मिनिटांनी आकडे वहीत लिहीत गेलो. खोली ३४. खोली ३५.८. मेमरी तिच्या मागोमाग, खोलीचा एक अंश तर मेमरीचाही जवळपास एक. पाच चाळीसला खोली ३९.१ आणि वरच्या कार्डाची मेमरी १०६. बाहेर गॅलरीत ३१ अंश होते, नुकताच शिडकावा झाला होता. पाठीला शर्ट चिकटलेला, आणि माझ्यासमोर ८७० वॉटचं यंत्र एका बंद पेटीत चालू होतं. पेटी म्हणजे कॅबिनेट नव्हे, ती खोली. थंडीत लोक एक रॉड लावून जो हीटर वापरतात, तो जवळपास एवढाच असतो. हा हीटर त्या खोलीत रात्रभर चालत होता.

"काका, कूलर कधी झाकला?"

"आर्द्रा लागल्या ना, पहिला पाऊस आला, त्याच संध्याकाळी झाकला. आता काय काम त्याचं? चिकचिक होते."

मुलाने मोबाइलवर जुने मेसेज काढले. पहिली काळी स्क्रीन दुसऱ्या दिवशी सकाळची.

मग मे महिन्याचं कोडं सुटलं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, पण हवा कोरडी ठणठणीत. ओल्या खसेतून येताना ती तिशीच्या आत उतरायची. कूलर दिवसरात्र चालू आणि ती हवा जायला दार उघडं. मशीनने ओकलेली उष्णता मिनिटामिनिटाला घराबाहेर वाहून जात होती. पाऊस आला, हवेत आधीच ओल भरली, कूलरचं पाणी निकामी झालं, म्हणून लोकांनी कूलर झाकला. पाणी निकामी झालं होतं, कूलरचा पंखा नव्हता. काकांनी पहिल्याच दिवशी मला हे सगळं हातात दिलं होतं: मे महिन्यात चालला, आता काऊन बंद पडते? आणि मी ज्या टेबलावर चौदा तास तपासलं ते टेबल एसीत होतं, २४ अंशांत.

ताडपत्री आम्ही तिघांनी मिळून सोडली. कूलरच्या पंपाची वायर काढून ठेवली, पंखा तेवढा चालू केला. दार उघडलं, डासांसाठी काकूंनी जाळीचा पडदा अडकवला. वीस मिनिटांत खोली ३३.५ आणि मेमरी १००. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कार्डांचं पॉवर लिमिट ३५० वरून २७० वॉटवर आणलं. मुलाचा चेहरा पडला, त्याला वाटलं अर्धा वेग गेला. एक फ्रेम लावून दाखवली. आधी चार मिनिटं लागायची तिथे आता चार मिनिटं पंधरा सेकंद. पंधरा सेकंदांसाठी दोन कार्डं मिळून १६० वॉट जास्त जाळत होती. मेमरी ९२ वर आली. पुढच्या महिन्यात त्याने काचेचं कॅबिनेट विकून जाळीचं घेतलं. मशीनही मी खिडकीच्या समोरून काढून बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वर ठेवायला लावलं, म्हणजे येत्या मेमध्ये पुन्हा क्षार बसायला नको. त्यानंतर काळी स्क्रीन आलेली नाही.

पॅडच्या कामाचे पैसे मी परत करायला काढले. काकांनी घेतले नाहीत. "काम तर केलं ना जी तुम्ही," म्हणाले. काम खरंच केलं होतं. ते पॅड बदलले नसते तर जाळीचं कॅबिनेट आणि उघडं दार मिळूनही मेमरी शंभराच्या वर राहिली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातली मला येते ती मी आधी केली, सहा वेळा उघडून, मनापासून. जी विचारायला हवी होती ती शेवटी विचारली.

आता दुकानात तापमानाच्या तक्रारीचं मशीन आलं की शेवटचे दोन तास एसी बंद करून चालवतो आणि पावतीवर एक ओळ वाढवली आहे: मशीन कुठल्या खोलीत असतं, दार-खिडकी काय. गिऱ्हाइकांना विचित्र वाटतं. एकाने विचारलं, वास्तू बघता का? मी त्याला खोलीचं तापमान मोजून फोटो पाठवायला सांगितलं आणि त्याने पाठवला, ३८.

पण त्या पलंगावर बसलो असताना मला २०१९ ची एक गोष्ट आठवली आणि ती जात नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एक ताई होत्या. तळघरातल्या गाळ्यात त्यांचं काम चालायचं. एका जुलैत त्या एकच मशीन घेऊन तीनदा आल्या. ऑटोतून, मांडीवर धरून. तीनही वेळा मी ते एसीत रात्रभर चालवलं आणि तीनही वेळा सांगितलं, "ताई, मशीनमध्ये काहीच नाही." तिसऱ्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. पैसे दिले, मशीन उचललं आणि गेल्या. चौथ्यांदा आल्या नाहीत.

परवा जुनी बिलबुकं काढली. तीनही पावत्या सापडल्या, माझ्याच अक्षरात, 'टेस्टेड ओके'. खाली नंबर होता. लावून पाहिला, तो आता अस्तित्वात नाही. गाळ्याचा पत्ता मात्र पावतीवर आहे. येत्या रविवारी दुकान बंद असतं.