देव न मानणारे दिंडीत चालतात तेव्हा

कोकणातून पायी वारीला आषाढात फार कमी लोक निघतात. तेव्हा भाताची लावणी चालू असते आणि शेत सोडून जायला कुणाला सवड नसते. आमच्या पट्ट्यातली वारी निघते ती भात कापून, झोडून घरात आल्यावर, कार्तिक वद्यात, आळंदीला. ज्ञानदेवांचा समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीचा. त्याआधीच्या एकादशीला इंद्रायणीकाठी पोचायचं असतं. एवढं चालणं ज्यांना जमत नाही ते त्याच एकादशीला वरसोलीच्या विठोबाला जातात, नाहीतर खोपोलीजवळ साजगावच्या यात्रेला.

आमची वाट रेवदंडा-चौलकडून सुरू होते. नागाव, अलिबाग, कार्लेखिंड, पोयनाड, धरमतरचा पूल, वडखळ, पेण, मग खोपोली आणि घाट. रेवदंडा ते अलिबाग सुमारे १७ किलोमीटर, अलिबाग ते वडखळ सुमारे २३. पहिले दोन दिवस खाऱ्या हवेत घाम इतका जातो की घाटापेक्षा हाच टप्पा माणसाला जास्त दमवतो. म्हणून पहाटे पाचला ओळ रस्त्यावर हवी आणि अकराच्या आत विसावा. वडखळच्या आसपास अवजड गाड्यांची रांग असते. तिथे पुढच्या आणि मागच्या पताकेवाल्यांनी चमकणारे जॅकेट घातल्याशिवाय निघायचं नाही.

या दिंडीत माळकरी आहेत, वर्षातून एवढ्याच दिवसांत नाव घेणारे आहेत आणि देव अजिबात न मानणारेही आहेत. हे लिहिणाऱ्यांत दोन्हीकडचे आहेत. अशी दिंडी चालते, पण आपोआप चालत नाही. कुठे ठिणगी पडते आणि आधी काय ठरवावं लागतं, ते इथे मांडतो.

आमच्या भागाला हे नवीन नाही. पोयनाडजवळच्या चरी गावात १९३३ ते १९३९ या काळात खोतांविरुद्ध कुळांचा संप झाला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं. सहा वर्षं कुळांनी जमीन पडीक ठेवली. पुढे याच तालुक्यांत शेतकरी कामगार पक्ष रुजला. पक्षाची विचारसरणी मार्क्सवादी, आणि त्याला मत देणाऱ्या घरांतून आळंदीची वारीही चुकत नाही. लाल बावटा आणि भगवी पताका एका माळ्यावर ठेवणारी घरं इथे आहेत. त्या घरांत देव आहे की नाही यावर वाद होत नसेल असं नाही. पण वाद करून झाल्यावर दोघं एकाच ताटातली भाकरी मोडतात.

बाहेर मात्र दिवस वाईट आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्यांनी १९८९ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध करत नाही, शोषणाला करते, हे ते जाहीरपणे सांगत आले होते. तरीही जादूटोणाविरोधी कायदा आला की वारी बंद होणार, ही भीती अनेक वारकऱ्यांच्या मनात घातली गेली. प्रत्यक्षात डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर झालेल्या त्या कायद्यात यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात तर वारीत नास्तिक आणि शहरी नक्षलवादी शिरल्याचा आरोप विधान परिषदेत झाला. अशा बोलण्याचा परिणाम दिंडीत लगेच जाणवतो. कालपर्यंत शेजारी टाळ वाजवणाऱ्याकडे माणसं चोरून बघू लागतात. म्हणून निघण्याआधीच्या बैठकीत कायद्यातला तो भाग आम्ही मोठ्यानं वाचून दाखवतो. भीती घालवायला दुसरा उपाय नाही.

पहिली अडचण पायाशीच येते. सकाळी भेटले की वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, नातं काही न बघता. सासू सुनेच्या पाया पडते. देवळात हात न जोडणाऱ्याला सावध व्हायच्या आत एखादी सत्तरीची आजी त्याच्या पायाशी वाकलेली असते. तो दचकून मागे सरला की तिला ते लागतं, आणि बघणाऱ्यांना तर त्याहून जास्त. इथे देवाचा प्रश्नच नाही, माणूस माणसाला वाकतोय, हे नव्या माणसाला आधीच सांगतो. वाकायचं नसेल तर हात जोडून ‘माउली’ म्हणा, पण पाय मागे घेऊ नका.

बुक्का लावणाराही ओळीतून फिरतो. त्याला सांगून ठेवलेलं असतं की कपाळ पुढे आलं तर लाव, नाहीतर नमस्कार करून पुढे जा. हे न सांगितल्यास तो प्रेमानं हनुवटी धरून बुक्का लावतो आणि दिवसाची सुरुवात तणातणीनं होते. माळेचा आग्रह तर अजिबात नको. माळ म्हणजे मासे-मटण आणि दारू सोडण्याचं व्रत. घाटात उत्साहानं घातलेली माळ घरी आल्यावर ओल्या बोंबलांच्या पहिल्या वाट्याला उतरते. खरे माळकरी म्हणूनच कुणाला घाईनं माळ घालू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

न मानणाऱ्यांना काम काय द्यायचं, यात आयोजक नेहमी एक चूक करतात. टेम्पो, पाण्याचे कॅन, औषधांची पेटी, हिशेब हे सगळं त्यांच्याकडे सोपवतात, कारण ते मन लावून करतात. मग ते दिवसभर ओळीबाहेर राहतात आणि तिसऱ्या दिवशी ‘तुम्ही लोक’, ‘आम्ही लोक’ अशी भाषा सुरू होते. उपाय सोपा आहे. सकाळच्या टप्प्यात प्रत्येकानं टाळ घेऊन ओळीत चालायचं, दुपारनंतर कामं वाटायची. टाळाची दोरी बोटाला काचते आणि दोन तासांत तर्जनीला फोड येतो. त्याआधीच बोटाला सुती पट्टी गुंडाळावी. पावलीची लय सापडली की चालणं हलकं होतं, आणि त्यासाठी काहीही मानावं लागत नाही.

एकादशी नेमकी शेवटच्या टप्प्यात येते, सगळे सर्वांत दमलेले असताना. त्या दिवशी दिंडीच्या चुलीवर धान्य शिजत नाही. चाळीस माणसांना साधारण चार किलो साबुदाणा, दीड-दोन किलो दाण्याचं कूट आणि दुपारसाठी तीन किलो वरी लागते. साबुदाणा बुडेल एवढ्याच पाण्यात चार-पाच तास भिजवायचा. पाणी जास्त झालं तर लगदा होतो आणि तो कुणी खात नाही. उपास न करणाऱ्यांसाठी दशमीच्या रात्रीच माणशी तीन भाकऱ्या आणि सुकी चटणी बांधून ठेवतो. ही सोय नसली की ते नाक्यावर वडापाव शोधायला जातात, चोरून खातात आणि कुणीतरी बघतं. भांडण वड्यावरून नसतं, लपवण्यावरून असतं. सर्वांसमोर बसून भाकरी खाल्ली तर आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. उलट मधुमेहाच्या गोळ्या घेऊन निर्जळी उपास करणारे जास्त चिंतेचे. रिकाम्या पोटी साखर उतरून माणूस रस्त्यात कोसळतो. त्यांना उपास सोडा म्हणून सांगायचं काम न मानणाऱ्यानं करू नये, कारण त्याचं ऐकलं जात नाही. ते कीर्तनकार बुवांनीच सांगावं: औषध घेणाऱ्याला एकादशी माफ आहे. बुवांना आधी भेटून हे बोलून ठेवावं लागतं.

वादाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दिंड्या मोडतात त्या इथेच.

चालताना वाद नाही, हा पहिला नियम. चढाला श्वास पुरत नाही, ओळ तुटते, आणि मागचे अर्धवट ऐकून भलताच अर्थ घेतात. बोलायचं तर संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर, बसून, ज्याला हवं त्यानंच. कीर्तन सुरू असताना मध्येच प्रश्न विचारायचा नाही. कीर्तन ही सभा नव्हे. तसंच बुवांनाही आम्ही विनंती करतो की ‘नास्तिकाचं तोंड बघू नये’ छापाचे ठरावीक टोमणे टाळा, कारण तो नास्तिक समोरच बसलाय आणि दुपारी त्यानंच तुमच्या पायाच्या फोडाला पट्टी बांधलीय. बहुतेक बुवा मान्य करतात. जे करत नाहीत त्यांना पुढच्या वर्षी बोलवत नाही.

विषय लहान ठेवावा. ‘देव आहे का’ या प्रश्नावर बसलेली मंडळी तासाभरात एकमेकांच्या घरात शिरतात. वारीला येणाऱ्या कित्येकांच्या पोटात दुःख असतं. कुणाचा मुलगा गेलेला असतो, कुणी नवऱ्याच्या आजारपणात बोललेला नवस फेडत असतं. ‘तेव्हा कुठे होता तुमचा देव?’ हा प्रश्न तर्क म्हणून टाकलेला असतो, पण तो त्या बाईच्या मुलापर्यंत जातो. त्यानंतर तिला काही सांगता येत नाही आणि सांगूही नये. उलट बाजूनंही तितकंच क्रूर बोललं जातं: ‘मानत नाहीस ना, म्हणून तुझ्या घरात आजार.’ ही दोन वाक्यं आमच्याकडे सरळ बंद आहेत. नवसाला किती खर्च करावा, कीर्तनकाराची बिदागी किती असावी, पाळीच्या दिवसांत बाईनं ओळीत चालावं की नाही असे विषय घेतले की माणसं भांडतात आणि तरी काहीतरी ठरतं. पाळीचा प्रश्न आमच्याकडे असाच सुटला. आता कुणी विचारत नाही, आणि हा निर्णय व्हावा म्हणून सर्वांत जास्त दोन माळकरी आज्या भांडल्या.

मोबाइलचंही तेच. दमल्या-भागल्या बाईच्या अंगात आल्याचा व्हिडिओ काढून प्रबोधन होत नाही, तिची बेअब्रू होते. उन्हात, उपाशी, झोप न झालेल्या अवस्थेत कुणी डोलू लागलं, कोसळलं, तर ‘देव आला’ही म्हणू नका आणि ‘नाटक’ही म्हणू नका. सावलीत न्या, गर्दी हटवा. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी पाजा: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा.

एका गोष्टीत मात्र आम्ही कुणाच्याही श्रद्धेला जागा देत नाही: सर्पदंश. कापणीनंतर पेंढ्याच्या उडवीला उंदीर येतात, उंदरांमागे साप. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही आपल्याकडे आहेत. खळ्यात उडवीजवळ अंथरूण टाकायचं नाही, रात्री उठलं की आधी बॅटरी. चावलंच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीनं आवळायची नाही. तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मिळतं, मंत्रात नाही. कुणी मांत्रिकाकडे न्यायला निघालं तर त्याला अडवायचं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. इथे सहिष्णुता दाखवली तर माणूस जातो.

वर्गणीचं थोडक्यात. जेवण, टेम्पो, मंडप, औषधं यांची वर्गणी सर्वांना सारखी. अभिषेक, हार, दक्षिणा यांची पेटी वेगळी आणि ऐच्छिक. हिशेब रोज रात्री वाचायचा. एकत्र ठेवला की ‘माझ्या पैशातून पूजा का’ आणि ‘पूजेला पैसे नाहीत तर जेवायला कसे येता’ ही दोन्ही बोलणी ऐकावी लागतात.

आळंदीत दर्शनाची रांग कितीतरी तास चालते. न मानणारे रांगेत जात नाहीत; सामान, चपला आणि थकलेली म्हातारी माणसं त्यांच्याकडे असतात. भेटायची जागा आदल्या रात्रीच सगळ्यांना कागदावर लिहून द्यावी, कारण एकादशीच्या गर्दीत मोबाइल लागत नाही.

वीणेचं अजून ठरलेलं नाही. वीणा जमिनीवर ठेवायची नाही, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, हा शिरस्ता. वीणेकरी माळकरीच हवा, असं जुनी मंडळी म्हणतात आणि आमच्यातले बहुतेक नास्तिकही त्यांच्याच बाजूनं आहेत: ज्या व्रताला आम्ही बांधलेले नाही त्याचा मान आम्ही का घ्यावा? तरुण माळकऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. पहाटेपासून जो ओळीत अखंड टाळ धरून चालला त्याच्या गळ्यात तासभर वीणा दिली तर ती बाटत नाही, असं ते म्हणतात. यंदा बैठकीत हाच विषय पहिला आहे.